टेबलची उंची

मी सीटी तंत्रज्ञ. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या संशोधनासाठी सीटीची माहिती काढून देत होते. फुफ्फुसात गाठ असलेले साठ पेशंट हवेत, वर्षभरातले पोटाचे ट्रायफेजिक, म्हणजे तीन टप्प्यांत काढलेले, स्कॅन हवेत, अशी चिठ्ठी यायची. ड्युटी संपली की मी पॅक्ससमोर, म्हणजे स्कॅन साठवणाऱ्या संगणकासमोर बसायचे, याद्या करायचे, पातळ स्लाइस वेगळ्या काढून द्यायचे. पुढे कधीतरी तो निबंध छापून आल्याचं कानावर यायचं. शेवटी आभाराची एक ओळ असायची, ‘विभागातील तंत्रज्ञांचे सहकार्य लाभले’. नाव नाही याचं वाईट वाटायचंच. पण या माहितीत तुम्हाला काही वेगळं दिसलं का, असं कुणी एकदाही विचारलं नाही, ते जास्त लागायचं. कारण बरेचदा दिसलेलं असायचं.

मग एके दिवशी विभागात एक प्रश्नावली आली. आरोग्यसेवेतल्या लोकांची संशोधनाची क्षमता आणि त्यांच्याभोवतीचं संशोधनाचं वातावरण मोजणारी ही प्रश्नावली ऑस्ट्रेलियात तयार झाली आणि २०१२मध्ये तिची पडताळणी प्रसिद्ध झाली. तिचे तीन भाग आहेत: संस्था, टीम आणि आपण स्वतः. प्रत्येक गोष्टीला १ ते १० गुण द्यायचे. संस्थेला मी बऱ्यापैकी गुण दिले, कारण वाचनालय होतं, नीतिसमिती होती, डॉक्टरांचे निबंध छापून येत होते. स्वतःला गुण देताना हात थांबला. संदर्भ शोधणं, ३. नीतिसमितीचा अर्ज लिहिणं, १. आकड्यांचं विश्लेषण, १. छापण्यासाठी लिहिणं, १. टीमच्या भागापाशी मात्र मी बराच वेळ बसून राहिले. सीटी चालवायला आमची टीम होती, आणि चांगली होती. संशोधनाच्या बाबतीत ‘आमची टीम’ म्हणावं असं कुणी माझ्या डोळ्यांसमोर येईना.

शेवटी अडथळ्यांची यादी होती. ‘वेळ नाही’ यावर आम्ही सगळ्यांनीच खूण केली. ते खरंही होतं. पण त्या दिवशी कुणी मला चार तास मोकळे दिले असते तर मी त्यांचं काय केलं असतं, हे मला सांगता आलं नसतं.

प्रश्न मात्र माझ्याकडे होता, दोन वर्षांपासून. छातीचा सीटी संपला की कन्सोलवर किरणांच्या डोसचं पान येतं. रात्रपाळीला एकामागून एक पेशंट असले की त्यावरचे आकडे डोळ्यांपुढून हलत नाहीत. एकाच बांध्याचे दोघं, तोच प्रोटोकॉल, तेवढीच लांबी, आणि तरी एकाचा सीटीडीआय, म्हणजे यंत्राने दाखवलेला डोसचा आकडा, दुसऱ्यापेक्षा जास्त. असा फरक दिसला की मी मागे जाऊन लॅटरल स्काउट, म्हणजे स्कॅनआधी बाजूने काढलेलं साधं चित्र, उघडायचे. ज्याचा डोस जास्त, तो पेशंट मध्यरेषेच्या खाली असायचा. दर वेळी नाही, पण योगायोग म्हणून सोडून द्यावं इतकं कमीही नाही.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. स्कॅनआधी आपण स्काउट काढतो, आणि त्यावरून यंत्र पेशंटची जाडी ठरवून किरण सोडणाऱ्या ट्यूबचा करंट कमीजास्त करतं. आमच्या यंत्रात हा हिशेब पीए, म्हणजे पाठीकडून पुढे काढलेल्या, स्काउटवरून होतो आणि तेव्हा ट्यूब टेबलाच्या खाली असते. पेशंट गॅन्ट्रीच्या, म्हणजे यंत्राच्या गोल कड्याच्या, मध्याच्या खाली असला, तर तो ट्यूबच्या जवळ गेलेला असतो. दिव्याजवळ हात नेला की भिंतीवरची सावली मोठी होते, तसंच इथे होतं. यंत्राला वाटतं, माणूस जाड आहे. सुमारे ४ सेंटीमीटर मऊ ऊतकातून जाताना सीटीचे किरण निम्मे होतात, त्यामुळे जाडीच्या हिशेबातली छोटी चूकही करंट बराच वाढवते. पेशंट वर असेल तर उलट होतं: सावली लहान, करंट कमी, आणि प्रतिमेत दाणे. शिवाय कडेचे किरण कमी करणारा ट्यूबपुढचा बो-टाय फिल्टर पेशंट मध्यावर आहे असं धरूनच घडवलेला असतो, त्याचा फटका दोन्ही बाजूंनी बसतोच.

हे सगळं मी आमच्या मेडिकल फिजिसिस्ट सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “हे माहीत असलेलं आहे. फँटमवर, म्हणजे चाचणीच्या नमुन्यावर झालंय, पेशंटवरही झालंय.” मी उठायला लागले. “बसा,” ते म्हणाले. “इतकं माहीत आहे, तर आपल्याकडे अजून का होतंय?”

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच निबंधात नव्हतं. ते आमच्या खोलीतच शोधावं लागणार होतं.

वाचनापासून सुरुवात केली. मी, एमआरआयवरची एक सहकारी आणि एक निवासी डॉक्टर असे तिघं आठवड्यातून एकदा, पाळी बदलताना अर्धा तास बसायचो. पहिला निबंध संपायला चार आठवडे लागले. प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचून मला वाटायचं, समजलं. मग कुणीतरी विचारायचं, “यांनी पेशंट निवडले कसे?” आणि आम्ही परत मागे जायचो. पी-व्हॅल्यू म्हणजे ‘निष्कर्ष खोटा असण्याची शक्यता’ असं मी इतकी वर्षं समजत होते. तसं नसतं. मुळात काहीच फरक नाही असं धरलं, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. हे वाक्य मी वहीत तीनदा लिहिलं. त्या अर्ध्या तासानेच पुढचं सगळं तारून नेलं असं मी म्हणेन. एकटीने वाचत असते तर दुसऱ्या निबंधापाशीच थांबले असते.

मग नीतिसमिती. स्कॅन झालेले आहेत, पेशंटला हातही लावायचा नाही, तर परवानगी कशाला, असं मला वाटायचं. पण जागतिक वैद्यकीय संघटनेने १९६४मध्ये स्वीकारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्याची कक्षा नुसत्या माणसांपुरती नाही, ओळख पटेल अशी माहितीही तीत येते. माझा अर्ज दोनदा परत आला. पहिल्या वेळी नावं काढण्याची पद्धत स्पष्ट नव्हती. मी लिहिलं होतं, ‘डायकॉममधली नावं काढू’, म्हणजे स्कॅनच्या फाइलच्या टॅगमधली. डोसचं पान ही एक प्रतिमाच असते आणि नाव तिच्या पिक्सेलमध्येच छापलेलं असतं, टॅग कितीही पुसले तरी ते तसंच राहतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रोज ते पान बघणारी मी! शेवटी ती पानं बाजूला ठेवून डोसच्या संरचित अहवालातून फक्त आकडे घ्यायचं ठरलं. दुसऱ्या वेळी समितीने विचारलं, या माहितीतून एखाद्या कर्मचाऱ्याची ओळख पटेल का?

हा प्रश्न कागदावर येण्याआधीच आमच्या खोलीत आला होता.

विभागप्रमुखांनी मला गुरुवारी दुपारी २ ते ४ मोकळे द्यायचं कबूल केलं होतं. पहिल्या गुरुवारी अपघाताचे पेशंट आले आणि मी सीटीवरच राहिले. दुसऱ्या गुरुवारी कुणीतरी रजेवर होतं. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, तोंडी नको, ड्युटीच्या तक्त्यात लिहा. त्यांनी लिहिलं: गुरुवार, २ ते ४, संशोधन, आणि पुढे माझं नाव. त्या एका नोंदीने फरक पडला. आता मला बोलवायचं असेल तर कुणाला तरी तो तक्ता बदलावा लागणार होता, आणि तक्ता बदलायला सगळेच जरा बिचकतात. ज्यांना आपल्या विभागातल्या तंत्रज्ञांनी संशोधन करावं असं मनापासून वाटतं, त्यांनी भाषणाआधी हे करावं. वेळ तक्त्यात छापावा.

पण तक्त्यात नाव आल्यावर माझा सर्वांत जवळचा सहकारी बोलला. “ताई, तू बसून एक्सेल भरणार आणि तुझे पेशंट आम्ही घेणार. आणि त्या एक्सेलमध्ये काय निघणार? मी पेशंट नीट सेंटर करत नाही, हेच ना?” त्याच्या बोलण्यात राग होता आणि भीतीही होती. दोन्ही रास्त होतं. चुकांच्या नोंदी ठेवायच्या म्हटलं की त्या कुणावर तरी उगारल्या जातात, हे आम्ही दोघांनीही भोगलेलं होतं. मी त्याच रात्री स्कॅन कुणी केला हा रकाना काढून टाकला, आणि समितीला तसं लेखी कळवलं. यात नुकसान झालं. माणसामाणसांत किती फरक आहे, हे मला कधीच मांडता येणार नव्हतं. तरी आजही मी तो रकाना ठेवणार नाही. ज्यांच्या हातांबद्दल मी लिहिणार होते, त्यांचा विश्वास गमावून ते आकडे मला नको होते.

मोजमाप सुरू झालं. आडव्या स्लाइसवर प्रतिमेचा मध्य आणि छातीचा मध्य यांतलं उभं अंतर मोजायचं, असं ठरवून मी पहिल्या चाळीस स्कॅनची माहिती भरली. सगळे पेशंट जवळपास मध्यावर! मी खूश झाले, मग थोडी निराश, मग मला शंका आली. पेशंट खाली असला की आपण स्काउटवर चौकट ओढून छातीवर बरोबर बसवतो. त्यामुळे पुनर्रचित प्रतिमेचा मध्य हा गॅन्ट्रीचा मध्य राहतच नाही. प्रतिमा सुंदर मध्यावर दिसते, माणूस नसतो. चाळीसच्या चाळीस मोजमापं टाकून दिली आणि लॅटरल स्काउटवरून पुन्हा सुरुवात केली. तिथे चित्राचा मध्य म्हणजे गॅन्ट्रीचाच मध्य. स्काउटनंतर टेबल हलवलं का, हे फाइलच्या हेडरमध्ये नोंदलेल्या टेबलच्या उंचीवरून ताडून घेतलं.

मी एकटीनेच मोजलं तर माझीच नजर त्यात उतरेल, म्हणून काही स्कॅन दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे मोजायचे होते. मी त्याच सहकाऱ्याला विचारलं. तो तयार झाला, थोडा कुरकुरत. दोघांच्या आकड्यांचा सहसंबंध उत्तम आला आणि आम्ही एकमेकांना टाळी दिली. फिजिसिस्ट सरांनी बघितलं आणि म्हणाले, “सहसंबंध म्हणजे सहमती नव्हे. तो दर वेळी तुमच्यापेक्षा ठरावीक अंतराने कमी मोजत असेल, तरी सहसंबंध असाच येईल.” त्यांनी ब्लँड आणि ऑल्टमन यांचा १९८६चा आलेख काढायला शिकवलं: दोघांच्या मोजमापांतला फरक उभ्या अक्षावर, सरासरी आडव्या अक्षावर. ठिपक्यांचा सगळा पट्टा शून्यापासून सरकलेला होता. दोघं शेजारी बसून तेच स्कॅन पुन्हा मोजले तेव्हा कळलं, तो पाठीखालची गादीही शरीरात धरत होता. व्याख्या लिहून काढली, ‘त्वचेपासून त्वचेपर्यंत’, आणि पुन्हा मोजलं.

आता मुख्य आलेख. आडव्या अक्षावर पेशंट मध्यापासून किती वर किंवा खाली, उभ्या अक्षावर सीटीडीआय. खाली असलेल्यांचा डोस जास्त दिसायला हवा होता. दिसलं उलटं. वर असलेल्यांचा डोस जास्त होता. दोन वर्षं मनात धरलेली गोष्ट समोरच्या पडद्यावर खोटी पडली होती. मी सूत्रं तपासली, चिन्हं तपासली, वर-खाली उलटं भरलंय का तेही बघितलं. काही चुकलेलं नव्हतं.

सरांनी विचारलं, “वर कोण कोण आहे, ते बघा.” मी एकेक स्कॅन उघडत गेले. रुंद छाती. जाड पोट. पुन्हा रुंद छाती. पाचव्या-सहाव्या स्कॅनला माझा हात थांबला, कारण मला उत्तर माहीत होतं, अकरा वर्षांपासून माहीत होतं. आम्ही टेबल एका ठरलेल्या उंचीवर नेतो. प्रत्येकाची उंची थोडी वेगळी, पण आपली आपली ठरलेली. पेशंट झोपला, बटण दाबलं, नेहमीचा आकडा दिसला की बोट उचललं. लेझरकडे बघतो, पण ओझरतं. टेबल त्याच उंचीवर असेल तर सडपातळ माणसाचा मध्य खाली राहतो आणि जाड माणसाचा वर जातो. म्हणजे माझ्या आलेखातलं ‘वर’ आणि ‘खाली’ हे बहुतांशी ‘जाड’ आणि ‘बारीक’ होतं. जाड माणसाला यंत्र जास्त किरण देणारच.

सर माझ्याकडे बघत राहिले. “हे मला कधीच सुचलं नसतं,” ते म्हणाले. “मी टेबल वर घेतलेलंच नाही कधी.”

मग बांधा हिशेबात घेतला. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४च्या अहवालात पाण्याशी समतुल्य व्यासाची, म्हणजे शरीराइतकेच किरण अडवणाऱ्या पाण्याच्या नळकांड्याच्या व्यासाची, जी पद्धत दिली आहे, तिने प्रत्येक पेशंटचा व्यास काढला आणि सारख्या व्यासाच्या पेशंटचीच आपापसांत तुलना केली. आलेख फिरला. सारख्या बांध्यात खाली असलेल्यांना डोस जास्त, वर असलेल्यांना कमी. बिनकॉन्ट्रास्ट स्कॅनमध्ये महाधमनीवर वर्तुळ ठेवून हाउन्सफिल्ड युनिटचं (सीटीतल्या घनतेच्या मापाचं) प्रमाण विचलन, म्हणजे दाण्यांचं माप, घेतलं, तर वर असलेल्यांच्या प्रतिमेत दाणेही जास्त. आणि ‘अजून का होतंय’ याचंही उत्तर मिळालं होतं. निष्काळजीपणा म्हणावा असं काही नव्हतं. हाताला बसलेली सवय होती, आणि चौकट ओढून सुधारलेली प्रतिमा ती सवय झाकत होती.

लिहायला विश्लेषणापेक्षा जास्त दिवस लागले. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी स्ट्रोब नावाची २२ मुद्द्यांची यादी आहे, ती समोर ठेवून लिहिलं. पहिल्या नियतकालिकाने परीक्षकांकडे न पाठवताच परत केलं. दुसऱ्याने पाठवलं. एका परीक्षकाने विचारलं, सीटीडीआय हा पेशंटचा डोस नाही, तर तुम्ही तसं का लिहिता? खरंच आहे. छातीच्या स्कॅनसाठी दाखवलेला तो आकडा ३२ सेंटीमीटर व्यासाच्या ॲक्रिलिकच्या फँटमवरून येतो, आणि सडपातळ माणसाला प्रत्यक्षात त्याहून जास्त डोस मिळतो. त्याच संघटनेच्या २०११च्या अहवालातले आकारानुसार गुणक लावून सगळे तक्ते पुन्हा केले. दुसऱ्या परीक्षकाने तंत्रज्ञांतला फरक का मोजला नाही असं विचारलं. आम्ही का मोजला नाही ते जसंच्या तसं लिहिलं.

नावांचा क्रम ठरवताना एका वरिष्ठांनी सुचवलं, तंत्रज्ञाचं नाव आभारात घेऊ, तशी पद्धत आहे. माझ्या मार्गदर्शक रेडिओलॉजिस्ट मॅडमनी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष उघडले आणि वाचून दाखवले. कल्पना, रचना, माहिती मिळवणं किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा. लेखनात किंवा चिकित्सक सुधारणेत सहभाग. अंतिम मसुद्याला मान्यता. आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही हवेत. खाली आणखी एक सूचना आहे, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली: पहिला निकष पूर्ण करणाऱ्याला पुढचे निकष पूर्ण करण्याची संधी मिळायला हवी. मला अकरा वर्षांतल्या सगळ्या चिठ्ठ्या आठवल्या. नुसत्या याद्या काढून दिल्या म्हणून मी लेखक ठरत नव्हते, हे मला मान्य आहे. पण काही कामांत मी केलं ते याद्यांच्या पलीकडचं होतं, आणि मसुदा वाचायला मला कुणी कधी दिला नव्हता. या निबंधावर माझं नाव पहिलं आहे. मोजमाप करणारा सहकारी तिसरा आहे. त्याने मसुद्यातले दोन परिच्छेद खोडून पुन्हा लिहिले होते.

विभागात बदल झाला तो एकच, आणि साधा. आधी पीए आणि मग लॅटरल स्काउट काढायचो, तो क्रम उलटा केला. आधी लॅटरल. त्यावर मध्य बघायचा, टेबल लागेल तेवढं वरखाली करायचं, मग पीए. म्हणजे यंत्र ज्या स्काउटवरून हिशेब करतं तो पेशंट मध्यावर आल्यानंतरचाच असतो, आणि स्काउट पुन्हा काढावा लागत नाही.

हा क्रम सुरू होऊन महिना झाला असेल, तेव्हा सहकारी कन्सोलवरून उठून आला. “ज्यांना हात वर नेता येत नाहीत, त्यांचं काय? हात अंगालगत असले की मध्य धरायचा कुठला, छातीचा की हातांसकट सगळ्याचा?” मला माहीत नव्हतं. सरांनाही लगेच सांगता आलं नाही. त्याने तीन संध्याकाळी बसून निबंध शोधले, आमच्या अर्ध्या तासाच्या बैठकीत दोन वाचायला आणले, आणि आता नीतिसमितीचा अर्ज लिहितोय. नावं पिक्सेलमधूनही काढायची असतात, हे त्याने पहिल्याच मसुद्यात लिहिलंय.

गुरुवार, २ ते ४, या रकान्यात सध्या त्याचं नाव आहे. त्या वेळात त्याचे पेशंट मी घेते.